दशांश दिला, आता उरलेल्या नऊ भागांचं काय?

प्रश्न विचारणारं जोडपं इंदूरचंच आहे. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, दोघंही नोकरी करतात, निपानियाकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. नवऱ्याचे वडील नाहीत, आई सोबत असते. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: आम्ही दर महिन्याला पगाराचा दहावा भाग चर्चमध्ये देतो, पण तो एकूण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या पगारावर, यावरून आमचं जमत नाही. कारचा हप्ता आहे, क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, आईंची औषधं आहेत. धाकट्या भावाला दुकानासाठी कर्ज हवंय आणि आम्ही जामीन राहावं असं नातेवाईक म्हणतात. आपण देवाचे कारभारी आहोत हे उपदेशात ऐकतो, पण सोमवार ते शनिवार हे कारभारीपण करायचं कसं?

मी नोकरीभर बँकेच्या कर्जविभागात होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीची खजिनदार म्हणून बरीच वर्षं अर्पणाचे हिशेब लिहीत आले आहे. त्यामुळे उत्तराची सुरुवात पैशापासून करते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १६व्या अध्यायात, धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो तेव्हा त्याच्याकडे एकच गोष्ट मागतो: हिशेब. मत्तयच्या २५व्या अध्यायातला धनीही पुष्कळ काळाने परत येतो आणि दासांबरोबर हिशेबाला बसतो. दोन्हीकडे हिशेब सगळ्या मालाचा आहे, दहाव्या भागाचा नाही. पृथ्वी आणि तिच्यातलं सर्वकाही परमेश्वराचं आहे, असं २४वं स्तोत्र सांगतं. ते खरं मानलं तर दशांश देऊन आपण मोकळे होत नाही. उरलेले नऊ भागही त्याचेच, फक्त ते चालवायला आपल्या हाती दिलेले. माझ्या पाहण्यात अनेक प्रामाणिक कुटुंबं इथेच अडकतात. एक भाग भक्तिभावाने पाकिटात घालतात, आणि उरलेल्या नवांकडे महिनाभर बघतही नाहीत.

आधी तुमचा वाद मिटवते, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. हातात येणाऱ्या पगारावर द्या. पीएफचा पैसा आज तुमच्या हातात नाही. तो ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी त्यातून द्या. २ करिंथ ८:१२मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, प्रेषित पौल स्पष्ट म्हणतो की माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. एकूण पगारावर द्यावं असं मनापासून वाटत असेल तर तसं द्या, पण त्यावरून नवरा-बायकोत अबोला नको. खुशीने देणारा देवाला आवडतो, हे त्याच पत्राच्या पुढच्याच अध्यायात आहे.

पैसे मात्र पगाराच्या दिवशीच वेगळे काढा. महिनाअखेरीला जे उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. पौलानेही करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे तो आल्यावर धावपळीची वर्गणी नको.

आणि सगळा दशांश चर्चच्या पेटीतच गेला पाहिजे असं मी म्हणणार नाही. खजिनदाराच्या तोंडून हे ऐकायला नवल वाटेल. पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडून बघा. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आहे, मंदिराची सेवा करणारा लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. त्याच अध्यायात हेही आहे की दशांशाच्या पैशातून मनाला हवं ते विकत घ्या आणि देवासमोर घरच्यांसह आनंदाने खा. म्हणून पंधरा दिवसांनी कधी रात्री आईंना घेऊन सराफ्यात गेलात, भुट्ट्याचा कीस खाल्लात, तर मनाला टोचणी लावून घेऊ नका. तो खर्च हिशेबात लिहा म्हणजे झालं.

आता आईंची औषधं. तुमच्या पत्रात ती कारच्या हप्त्याच्या आणि कार्डाच्या रांगेत बसली आहेत. तिथून त्यांना उठवा. मार्कच्या ७व्या अध्यायात प्रभू येशू कोणावर रागावला आहे? आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' असं सांगून हात वर करणाऱ्या लोकांवर. एखाद्या महिन्यात दवाखान्याचं बिल आणि अर्पण दोन्ही झेपत नसेल, तर आधी दवाखाना. पाळकसाहेबांना तसं सांगायला संकोच वाटायचं कारण नाही. ज्या मंडळीला हे समजत नाही तिने तो अध्याय पुन्हा वाचावा. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल १ तीमथ्य ५:८मध्ये किती कडक शब्द आहेत तेही बघा.

घरात आणखी एका व्यक्तीचं देणं असतं, ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण दोघंही नोकरीला जाता म्हणजे ती असणारच. तुमच्याकडे स्वयंपाकाला किंवा झाडू-फरशीला येणारी बाई. तिचा पगार किती तारखेला देता? लेवीय १९:१३मध्ये मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याजवळ ठेवू नको असं आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आपला पगार एक तारखेला खात्यात येतो आणि तिला मात्र 'दहा तारखेनंतर बघू' असं ऐकावं लागतं, हे ख्रिस्ती घरात होऊ नये. तिची सुट्टीसुद्धा याच हिशेबात येते. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा अनुवादाच्या ५व्या अध्यायात पुन्हा सांगितली आहे, तिथे कारण दिलंय: तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. आपण रविवारी उपासनेला जाऊन आलो आणि पाठीमागे तिच्याकडून पाहुण्यांचा स्वयंपाक करून घेतला, तर विसावा फक्त आपल्यालाच मिळाला. आठवड्याला एक दिवस पगारी सुट्टी द्या. कोणता दिवस, ते तिला ठरवू द्या.

भावाचा प्रश्न सर्वांत कठीण, आणि यात मला बँकेतली बाजू तुम्हाला नीट सांगायची आहे, कारण नातेवाईक ती सांगत नाहीत. 'नुसती सही तर करायची आहे' हे वाक्य मी कर्जविभागात बसून फार वेळा ऐकलं. भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले तर बँकेने आधी भावाच्या मागे लागावं, त्याचं दुकान विकावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते, आणि ज्याचा पगार नियमित आहे त्याच्याकडे ती आधी येते. थकबाकीची नोंद तुमच्याही क्रेडिट अहवालात पडते. उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा ती समोर येईल.

नीतिसूत्रांचा ६वा अध्याय जामीन राहिलेल्याला सांगतो की डोळ्याला डोळा लागू देऊ नको, आधी जाऊन स्वतःला सोडव. दुसरीकडे फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात पौल त्याच्या अनेसिम या दासाबद्दल लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, आणि हे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. मला या दोन जागांमध्ये विरोध दिसत नाही. पौलाने पूर्ण रक्कम भरायची तयारी ठेवून सही केली. तुम्हीही दोघं बसून एकच प्रश्न विचारा: भावाने एकही हप्ता भरला नाही, तरी हे सगळं कर्ज आपण फेडू शकतो का, आणि तसं झालं तरी त्याच्याशी बोलणं तुटणार नाही ना? दोघांचंही उत्तर हो असेल तर सही करा. नसेल तर जामीन राहू नका. त्याऐवजी जेवढे पैसे परत आले नाहीत तरी चालतील तेवढे त्याला सरळ द्या, आणि सोबत एक काम करा: त्याच्या दुकानाचा सहा महिन्यांचा जमाखर्च त्याच्याबरोबर बसून मांडा. सियागंजमधून माल उधारीवर किती दिवसांच्या मुदतीने मिळतो, भाडं किती, रोजचा गल्ला किती धरला तर हप्ता निघतो, हे कागदावर येऊ द्या. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला लूकच्या १४व्या अध्यायात प्रभूनेच सांगितलं आहे. माझ्या अनुभवात या एका बैठकीनंतर पुष्कळ लोक मागितलेलं कर्ज आपणहून निम्मं करतात.

क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र लगेच संपवा. बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांहून जास्त. 'किमान देय रक्कम' भरली की दंड टळतो, व्याज चालूच राहतं. तुमची काही मुदतठेव असेल तर ती मोडून हे देणं फेडा. सात टक्के मिळवण्यासाठी ३६ टक्के देत राहणं हा धन्याच्या पैशाचा नाश आहे, मग त्या ठेवीचं नाव 'भविष्यनिधी' असो की 'मुलांचं शिक्षण'. कारचा हप्ता चालू द्या. फक्त ती फिटेपर्यंत दुसरं कर्ज नको.

कर्जाचा विषय आलाच आहे तर एका बहिणीबद्दल सांगते. सिस्टर राणी मारिया कॅथलिक होत्या, आपण प्रोटेस्टंट; पण त्यांचं काम आपल्या इतकं जवळ झालं की आपण ते माहीत करून घेतलंच पाहिजे. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या परिसरात त्यांनी गरीब शेतकऱ्यांना आणि मजुरांना सावकाराच्या विळख्यातून बाहेर पडायला मदत केली. बचत कशी करायची, सरकारी योजना कशा मिळवायच्या, आपला हक्क कसा मागायचा, हे शिकवलं. ज्यांचं त्यामुळे नुकसान झालं त्यांनी सुपारी दिली, आणि २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येणाऱ्या बसमधून त्यांना खेचून भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ला इथे इंदुरात त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं. त्यांनी लोकांना काय दिलं ते बघा. पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी आपलं ज्ञान, आपला वेळ आणि शेवटी जीव दिला. १ पेत्र ४:१० हेच सांगतं की ज्याला जे कृपादान मिळालं त्याने ते एकमेकांच्या सेवेत लावावं, चांगल्या कारभाऱ्यासारखं.

तुम्ही दोघं संगणकावर काम करता. आपल्या मंडळीत अशी कितीतरी मुलं असतात ज्यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका कागदासाठी अडतो, अशा म्हाताऱ्या बाया असतात ज्यांची पेन्शन आधार जोडलं नाही म्हणून थांबते. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर तास-दीड तास लॅपटॉप घेऊन बसलात तर त्याचं मोल कुठल्याही पाकिटापेक्षा कमी नाही.

आईंनी तुमच्यामार्फत विचारलंय, 'मला ना पेन्शन, ना पगार, मी काय देणार?' त्यांना मिझोरामच्या बायकांबद्दल सांगा. तिथल्या मंडळ्यांमध्ये १९१०पासून प्रथा आहे की स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरच्या बाईने त्यातला एक मूठ बाजूला ठेवायचा. तो गोळा होतो, विकला जातो आणि त्यावर तिथल्या चर्चचं मोठं काम चालतं. महाराष्ट्रात मुष्टिफंडावर शाळा आणि वसतिगृहं चालली, हे तर आपल्या लोकांना ठाऊकच आहे. आईंनी आपला एक डबा ठेवावा. त्यातलं धान्य महिन्याच्या शेवटी कुठल्या घरी जायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांकडे, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांकडे, प्रभूने शिष्यांना बोलावून लक्ष वेधलं, ते उगीच नाही.

घरातल्या वस्तूंबद्दल फार बोलत नाही, कारण इंदूरकरांना कचऱ्याचं शिकवावं लागत नाही. सहा प्रकार वेगळे करून गाडीत टाकायची सवय आपल्याला लागली आहे. देवगुराडियाच्या प्रकल्पाची रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून गॅस बनवायची क्षमता आहे, आणि त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या चालतात. पण कचरा नीट वेगळा केला म्हणजे अन्न वाया घालवायची मुभा मिळाली असं नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर काहीही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने सांगितलं. हे त्याने सांगितलं, जो पाच भाकरींतून पुन्हा कितीही निर्माण करू शकत होता. नाताळच्या प्रीतिभोजनात आणि कापणीच्या सणाला आमच्याकडे आता आधी नावं लिहून घेतात, मग शिजवतात, आणि ताटं स्टीलची असतात.

पाण्याचंही तसंच. आपल्या नळाला येणारी नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येते, माळव्याच्या पठारावर पंपांनी चढवत आणलेली. गच्चीवरची टाकी भरून वाहत असताना ते आठवावं आणि उठून मोटर बंद करावी.

ऑफिसबद्दल एवढंच: खोटं प्रवासबिल लावून त्यातून दशांश दिला तर तो दशांश देवाला नको आहे. जकातदार जक्कयाने आधी लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, तेव्हा त्याच्या घराला तारण झालं असं प्रभू म्हणाला.

तुम्हा दोघांना पुढे मंडळीत जबाबदारी मिळेल, तरुण माणसं हवीच आहेत, म्हणून खजिनदारकीची एक रीत आताच सांगते. अर्पण नेहमी दोघांनी मिळून मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. मंडळीचा पैसा एक रात्रही स्वतःच्या पैशात मिसळायचा नाही, 'उद्या टाकतो' म्हणूनसुद्धा नाही. इमारतनिधीचा पैसा इमारतीलाच. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मोठी रक्कम नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, कोणी बोट ठेवू नये म्हणून. देवासमोर तर योग्य असावंच, पण माणसांसमोरही, असं तो २ करिंथ ८:२१मध्ये म्हणतो. आपल्या भागात याचा कित्ता अहिल्याबाईंनी घालून दिलाच आहे. त्यांचा दानधर्म खासगीतून, म्हणजे स्वतःच्या वैयक्तिक उत्पन्नातून, होत असे आणि दौलतीचा खजिना वेगळा राही. देवाच्या नावाने खर्च करायचा झाला तरी तो कुठल्या पैशातून, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. घरातही हीच रीत चालवा. शनिवारी रात्री अर्धा तास दोघांनी वही घेऊन बसायचं: काय आलं, कुठे गेलं, कोणाचं देणं राहिलं. सुरुवातीला प्रार्थना करा, म्हणजे एकमेकांची झडती घेतल्यासारखं होणार नाही. पहिले दोन-तीन महिने यूपीआयची यादी बघून दोघांनाही धक्का बसेल. बसू द्या, वही सोडू नका.

शेवटचं काम बहुतेक लोक म्हातारपणावर ढकलतात, ते तुम्ही याच महिन्यात करा: मृत्युपत्र. आपल्याला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. त्यात मृत्युपत्र करणाऱ्याचं लग्न झालं की त्याने आधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंना हा नियम नाही, म्हणून अनेक वकीलही सांगायला विसरतात. तेव्हा लग्नाआधी कोणी काही करून ठेवलं असेल तर ते आता नाही असं समजा. मृत्युपत्र नसताना, मूलबाळ व्हायच्या आधी नवऱ्याचं काही बरंवाईट झालं, तर निम्मं पत्नीला जाईल आणि वडील नसल्यामुळे उरलेलं निम्मं आई आणि भाऊ यांच्यात सारखं वाटलं जाईल. मुलं असतील तर एक तृतीयांश पत्नीला, दोन तृतीयांश मुलांना, आणि आईला कायद्याने काहीच नाही. आईंची औषधं तुमच्या मागेही चालू राहावीत असं वाटत असेल तर ते लिहूनच ठेवावं लागेल. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असंही नाही. नॉमिनी बँकेकडून पैसे घेतो, ते वारसांना पोहोचवायची जबाबदारी त्याच्यावर राहते.

मंडळीला किंवा एखाद्या अनाथाश्रमाला काही ठेवायचं असेल तर तेही लिहा. पूर्वी या कायद्याच्या ११८व्या कलमामुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मालमत्ता ठेवताना मृत्यूच्या किमान बारा महिने आधी ते करणं भाग होतं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, त्यामुळे आता ती अडचण नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं, नोंदणी सक्तीची नाही. सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका, नाहीतर त्यांना ठेवलेलं बाद होतं. मसुदा तयार झाला की घेऊन या, उपासनेनंतर बसून बघू. साक्षीदार म्हणून सही करायला मी आहे.